भेवसरांनी निवडलेली बॅट

आमचे पी.टी.चे सर घाबरट होते. हे मी त्यांच्या माघारी म्हणत नाही, ते स्वतःच दिवसातून चार वेळा सांगायचे. मैदानावर आले की आधी आभाळाकडे बघायचे, मग मातीकडे, मग आमच्या बुटांच्या नाड्यांकडे, आणि म्हणायचे, "मला भेव वाटतंय." कशाचं, ते त्यानंतर शोधायचे. कधी मैदानात अणकुचीदार खडा सापडायचा, कधी एखादीच्या हेल्मेटचा पट्टा सैल निघायचा. कधी काहीच सापडायचं नाही आणि मग त्यांना जास्तच भेव वाटायचं. त्यावरून मुलींनी त्यांना भेवसर म्हणायला सुरुवात केली. मी शाळेत आले तोवर ते नाव जानेफळभर झालं होतं. पालकसुद्धा ऑफिसात येऊन "भेवसर हायेत का?" असं विचारत, आणि सर खुर्चीतून उठून "हाये ना, बसा" म्हणत.

सर मूळचे देऊळगाव राजाचे. आम्ही मले-तुले म्हणणाऱ्या, ते मला-तुला म्हणायचे, पण मधूनच जालन्याकडचा एखादा हेल यायचा आणि वर्गात खसखस पिकायची. उंच, काटकुळे, मान किंचित पुढे काढून चालणारे. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी होती. तरुणपणी ते कॉलेजच्या बेसबॉल टीमचे कॅचर होते आणि चेंडू झेलता झेलता ती बोटं दोनदा मोडली होती. गळ्यात दोन शिट्ट्या असायच्या. एक वाजली नाही तर काय घ्या, म्हणून दुसरी. बाहेरगावी मॅचला निघालं की एस.टी.त बसण्याआधी ते आम्हाला मोजायचे, बसल्यावर मोजायचे, आणि गाडी सुटल्यावर पुन्हा उभे राहून मोजायचे. आम्ही अकराजणी होतो. एकदा मोजताना बारा भरल्या तेव्हा त्यांनी गाडी थांबवायला लावली. बारावी प्रवासी मेहकरच्या बाजाराला निघालेली, पोलकं आणि दोन वेण्या घातलेली एक म्हातारी होती. तिने उतरायला साफ नकार दिला.

शाळेत बेसबॉल आला तोही तसा अपघातानेच. कुठल्याशा योजनेतून एक पेटी आली होती. तिच्यात चार ग्लोव्ह, दोन अ‍ॅल्युमिनियमच्या बॅटा आणि काही चेंडू होते. मुलांनी ती उघडून पाहिली आणि क्रिकेट नाही म्हणून तशीच ठेवली. सरांनी ती पेटी मुलींना दिली. गावात तेव्हा मुलींनी मैदानावर धावणं अजून अंगवळणी पडलेलं नव्हतं, पण सरांसारखा काळजीवाहू माणूस बरोबर आहे म्हटल्यावर आई-वडील सोडायचे. माझे बाबा तर म्हणायचे, "ज्याले येवढं भेव वाटते, त्याच्यासंगं पोरगी धाडाले मले भेव नाही वाटत."

मी अंगाने लहान होते, पण मनगटं चपळ होती. माझ्या बॅटवर चेंडू नेमका यायचा. सर कधी 'छान' म्हणाले नाहीत. एखादा फटका खरोखर चांगला बसला की ते फक्त विचारायचे, "हाताला झिणझिण्या आल्या का?" नाही म्हटलं की मान हलवायचे. चेंडू बॅटच्या योग्य जागी लागला तर हाताला कळतसुद्धा नाही, आणि मुठीजवळ लागला तर हात कोपरापर्यंत झणझणतो. ते मला रोज हेच विचारायचे. शाबासकीची ही त्यांची रीत होती, हे मला पुष्कळ उशिरा समजलं.

मी अकरावीत असताना राज्याच्या टीमसाठी निवड चाचणी बुलडाण्याला ठरली. वयाच्या अटीमुळे पुढच्या वर्षी मी बाद होणार होते, म्हणजे हीच एक संधी होती. त्यात पत्रात एक ओळ होती की या वेळी अ‍ॅल्युमिनियमची बॅट चालणार नाही, लाकडीच लागेल. सरांनी ते पत्र माझ्यासमोर तीन वेळा वाचलं. मग घडी घालून खिशात ठेवलं, परत काढलं आणि चौथ्यांदा वाचलं. त्या दिवशी त्यांनी सराव घेतला नाही. नुसते मैदानाच्या कडेने चालत राहिले. मला वाटलं, हे त्यांचं नेहमीचंच आहे.

बॅट मलकापूरला मिळेल असं कळलं. तिथे एका शेठजींचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं आणि त्यांचा माल थेट रेल्वेने यायचा. बाबा, सर आणि मी पहाटेच्या गाडीने खामगावला गेलो आणि तिथून दुसरी गाडी धरली. बाबांनी सोयाबीनची कामं सोडून हा दिवस काढला होता आणि संध्याकाळच्या आत त्यांना घरी पोचायचं होतं. मी मात्र रस्ताभर एका काळ्या बॅटचं स्वप्न बघत होते. एका मोठ्या खेळाडूच्या हातात मी तशी बॅट मोबाइलवर पाहिली होती. काळी कुळकुळीत, वर सोनेरी अक्षरं.

आणि शेठजींनी पोत्यातून सात बॅटा काढून फरशीवर मांडल्या, तर त्यात तशा दोन होत्या. मी वाकून एक उचलली. ती जड होती, पण मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. सरांनी ती माझ्या हातातून काढून घेतली, उजेडात नेली, फिरवून पाहिली आणि परत ठेवली.

"हिच्या रंगाखाली काय आहे ते दिसत नाही," ते म्हणाले. "मला भेव वाटतंय."

दुसरी काळीही तशीच बाजूला गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग उरलेल्या पाच बिनरंगी बॅटांची तपासणी सुरू झाली. ती कशी चालली हे मी आजही जसंच्या तसं सांगू शकते, कारण त्या वेळी मला एकेक मिनिट जड झालं होतं. सर दुकानाच्या पायरीवर उन्हात बसले. एकेक बॅट मांडीवर घेऊन लाकडाचे रेषे मुठीपासून टोकापर्यंत बोटाने चाचपत गेले. रेषे सरळ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न तुटता जायला हवेत. मधेच तिरपे होऊन बाहेर पडत असतील तर बॅट तिथूनच फाटणार. एकीचे रेषे तसेच निघाले. दुसरीच्या मुठीजवळ हरभऱ्याएवढी गाठ होती. उरलेल्या तिन्ही त्यांनी एकेक करून पायरीच्या दगडावर अलगद आपटल्या आणि कान लावून आवाज ऐकला. मग मला ऐकायला लावलं. मग बाबांनाही ऐकायला लावलं. दोन बॅटांचा आवाज खणखणीत होता, एकीचा जरा बद्द. मला काही फरक कळला नाही.

दोन उरल्या. सरांनी मला एक हात आडवा ताणून, मुठीशी धरून बॅट तशीच आडवी धरायला लावली आणि वीस अंक मोजले. पहिली बाराव्या अंकाला खाली झुकली. दुसरी विसापर्यंत टिकली. ती सगळ्यांत आखूड, एकतीस इंचांची, फिकट पिवळसर रंगाची होती. तिच्यावर ना अक्षरं होती ना झिलई. बाबा म्हणाले, "सर, हे तं मुसळ वाटते."

शेठजी आतापर्यंत गप्प होते. तेही म्हणाले, "सर, दीड घंटा झाला. तुम्ही बॅट पाहून राह्यले का नवरदेव?"

बाबा हसले. सर हसले नाहीत. त्यांनी पुन्हा एकदा ती बॅट दगडावर टेकवली आणि म्हणाले, "शेठजी, हिच्यासमोर पन्नास-साठ फुटांवर कुणाची तरी लेक उभी राहणार हाये. घाई आपल्या बसला असंल, आपल्याला नाही." बस तोवर गेलीच होती.

परतीच्या प्रवासात बॅट सरांनी आपल्या टॉवेलात गुंडाळून दोन गुडघ्यांमध्ये उभी धरली. वर सामानाच्या फळीवर ठेवू दिली नाही. मुठीच्या वर एका बाजूला त्यांनी पेनाने एक ठिपका काढला आणि मला बजावलं की चेंडू येताना हा ठिपका आभाळाकडे हवा, म्हणजे लाकूड त्याच्या ताकदीच्या बाजूने मार घेईल. बॅट टिनाच्या छपराखाली ठेवायची नाही, उन्हाने सुकते. जमिनीवर ठेवायची नाही, ओल धरते. दुसऱ्या दिवसापासून शाळेत भेटले की त्यांचा पहिला प्रश्न असे, "बॅट कुठं झोपली होती?" मी सांगे, कपाटात, आईच्या साड्यांवर. मुली खिदळत. चाचणीला बारा दिवस होते आणि त्या बारा दिवसांत सरांनी दर दहा चेंडूंनंतर बॅट मागून घेतली, तपासली आणि परत दिली. मी मोठ्या मिनतवारीने राग गिळत होते. पण एक गोष्ट कबूल करायला हवी. ते मुसळ माझ्या हातात असं बसलं होतं, जणू माझ्याच मापाचं कातून आणलं होतं.

चाचणीच्या दिवशी बुलडाण्याला हवा गार होती. बाबाही आले होते आणि कुंपणापलीकडे सरांच्या शेजारी उभे होते. सकाळी धावणं आणि झेल झाले. मग फलंदाजी. मला दोन वेळा बोलावलं आणि दोन्ही वेळा चेंडू मैदानाच्या पार मागच्या कडेला गेला. निवड समितीतल्या एका गृहस्थाने वहीत काहीतरी लिहून शेजारच्याला दाखवलेलं मी पाहिलं. दुपारी निवडक मुलींच्या दोन टीम करून एक सामना ठेवला होता. यादीत कोण जाणार ते त्यातूनच ठरणार होतं.

सामन्यात माझी पहिली पाळी आली. चेंडू टाकणारी पिचर नांदुऱ्याकडची एक गोल चेहऱ्याची, हसरी मुलगी होती. तिने टाकलेला दुसरा चेंडू जरा आत आला आणि मुठीच्या जवळ लागला. हात कोपरापर्यंत झणझणला. चेंडू रेषेबाहेर गेला, फाऊल. मी हात झटकले आणि परत उभी राहिले, तेवढ्यात शिट्टी वाजली. पंचांची नव्हती. कुंपणापलीकडून सरांनी वाजवली होती.

ते आत आले. पंच ओरडत होते, तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी माझ्या हातातून बॅट घेतली, रेषेबाहेरच्या एका दगडावर आपटली, कान लावला. पुन्हा आपटली. मुठीवरून नख फिरवलं. मी जवळून बघत होते. लाकडावर केसाएवढीही रेघ नव्हती.

"सर, काही नाही झालं तिले," मी म्हणाले. "मले खेळू द्या."

ते पंचांना म्हणाले की आवाज बदललाय, ही बॅट थांबवा. समितीतल्या गृहस्थांनी बॅट घेऊन उलटसुलट पाहिली. आणखी एका कोचने पाहिली. दोघांनाही काही दिसलं नाही. "बॅट ठीक आहे, सर. वेळ जातोय," ते गृहस्थ म्हणाले.

"असंल ठीक. मला भेव वाटतंय."

"भेवाचा नियम पुस्तकात नाही."

 सरांनी बॅट काखेत धरली आणि तसेच उभे राहिले. पकड सुटत नव्हती. माझी संधी समोर उभी होती आणि माझेच सर तिच्या वाटेत उभे होते. शेवटी पंच म्हणाले की दुसरी बॅट असेल तर खेळा, नाहीतर पाळी गेली. माझ्याच टीममधल्या मलकापूरच्या एका मुलीने आपली बॅट पुढे केली. चौतीस इंचांची होती ती. मी जोर लावून फिरवली, पण ती माझ्यापेक्षा उशिरा यायची. दोन चेंडू हुकले आणि मी बाद झाले. पुढच्या पाळीलाही तेच झालं.

संध्याकाळी यादी लागली. त्यात माझं नाव नव्हतं. राखीवमध्येही नव्हतं.

बसस्टँडवर बाबांनी इतका वेळ दाबून धरलेलं बोलून टाकलं. ते मोठ्याने बोलले नाहीत, म्हणून जास्त लागलं. "सर, तुमच्या भेवापायी माह्या पोरीचं गेलं." सरांनी मान खाली घातली. "हाव," एवढंच म्हणाले. हा होकार आमच्याकडचा होता, त्यांच्या तोंडून मी तो पहिल्यांदाच ऐकला.

चिखलीला गाडी थांबली. बाबा चहाला उतरले. सर मागच्या सीटवरून उठून माझ्या शेजारी येऊन बसले. मी खिडकीबाहेर बघत राहिले. ते बोलायला लागले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, समोरच्या सीटच्या लोखंडी दांड्याकडे बघत होते.

त्यांनी सांगितलं ते असं. आमच्या शाळेत येण्याआधी ते दुसऱ्या एका गावी होते. तिथेही मुलींची टीम होती आणि एकच लाकडी बॅट होती. शाळेतल्याच मुलींच्या दोन टीम करून लावलेल्या एका सामन्यात त्या बॅटच्या मुठीला बारीक चीर गेलेली त्यांना दिसली होती. त्यांनी तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळली आणि बॅट परत दिली. तीन इनिंग राहिल्या होत्या, सामना रंगात आला होता. निभेल असं वाटलं. पुढच्याच पाळीत बॅट मुठीपासून तुटली आणि पुढचा भाग गरगरत पिचरच्या तोंडावर गेला. तीही त्यांचीच विद्यार्थिनी होती. तिचा डावा डोळा गेला.

"आता लग्न झालंय तिचं. दोन लेकरं हायेत," ते म्हणाले. "दर दिवाळीला जातो मी. अजून मला सर म्हणती." मग म्हणाले, "त्या दिवशी मला भेव वाटलंच नव्हतं, पोरी."

 खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्या मुलीची कणव आली नाही. माझं काय गेलं तेवढंच माझ्या डोक्यात होतं. बाबा चहा पिऊन आले तसे सर उठून मागे गेले. जानेफळला उतरताना त्यांनी बॅट माझ्या हातात दिली. "तुझी हाये, तुझ्याजवळ ठेव. पण खेळू नको हिच्यानं."

तीन दिवसांनी दुपारी मी ती बॅट घेऊन एकटीच शेतात गेले. बांधाजवळ एक खुंट रोवला, त्याच्यावर एकेक जुना चेंडू ठेवला आणि बांधाच्या मातीत मारत सुटले. चाळीस चेंडू मारले. बॅटला काही झालं नाही. मग मुद्दाम मुठीजवळ लागेल असे वीस मारले. हात सुजले, बॅट तशीच. मग मात्र मी वेड्यासारखी बाभळीच्या खोडावर तीच बॅट हाणत राहिले. झाडाची साल निघाली. बॅटचं टोक चेपलं, पण मूठ शाबूत होती. चीर नव्हती. सर चुकले होते.

एवढा पुरावा हातात आल्यावर मी काय करणार होते, हे ठरलेलंच होतं. दुसऱ्या दिवशी बॅट घेऊन शाळेत गेले. ती त्यांच्या टेबलावर ठेवायची आणि म्हणायचं, बघा, तुटली नाही. सर क्रीडासाहित्याच्या खोलीत ग्लोव्ह मोजत बसले होते. दारात सावली पडली तशी त्यांनी मान वर केली. माझ्या हातातली चेपलेली बॅट दिसली आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. ते ताडकन उभे राहिले.

"कुणाला लागलं का?"

मी नाही म्हणाले. "कुणालाच नाही, सर." आणि बॅट घेऊन तशीच घरी आले.

त्यानंतर परीक्षा होईपर्यंत मी मैदानावर गेले नाही. सरांनी बोलावलं नाही, पण वर्गावरून जाताना खिडकीशी क्षणभर थांबायचे. मी मान वर करायची नाही. सुट्टीनंतर कुणीही न सांगता मी परत गेले. त्यांनी आधी माझ्या बुटांच्या नाड्या तपासल्या. बारावीच्या वर्षी मला सामने खेळता येत नव्हते, म्हणून लहान मुलींना शिकवायला त्यांनी मला बरोबर घेतलं. चेंडू कसा टाकावा याआधी तो कुणाच्या दिशेने टाकू नये हे शिकव, असं ते म्हणायचे. मी पुढे बी.पी.एड. करायचं ठरवलं तेव्हा बाबांना वाटलं, खेळाचं भूत अजून उतरलं नाही. भूत नव्हतंच. मला दुसरं काही यायचं नाही, एवढंच होतं. मी कॉलेजात असताना सर निवृत्त होऊन देऊळगाव राजाला गेले. निरोपाच्या कार्यक्रमाला मी पोचू शकले नाही.

नोकरी लागल्यावर चिखली तालुक्यातल्या एका शाळेच्या मुलींना घेऊन मी सामन्यासाठी देऊळगाव राजाला गेले, तेव्हा सरांचं घर शोधलं. बालाजीच्या देवळामागच्या गल्लीत दोन खोल्या होत्या. काकूंनी दार उघडलं. सरांना साखरेचा त्रास होता, दृष्टी अधू झाली होती. खाटेवर बसले होते, पूर्वीपेक्षा काटकुळे. मी नमस्कार केला आणि त्यांनी आवाजावरून ओळखलं. मुली कुठे आहेत, कुणाबरोबर सोडल्यास, किती आहेत, हे विचारून झालं. मी सगळं सांगितलं. चहा आला.  काकू माझ्याकडे बघून किंचित मान हलवत होत्या, जणू त्यांना माहीत होतं की आता काय येणार.

"त्या बॅटचं काय झालं?" सरांनी विचारलं. "तडकली होती ना ती?"

मी कप खाली ठेवला. माझ्याकडे दहा वर्षांपूर्वीचं खरं उत्तर होतं. ते मी त्यांना कधी दिलं नव्हतं आणि आता देण्यासाठी मी तिथे बसले नव्हते.

"हो सर. तुटली ती."

"कधी?"

"चाचणीनंतर आठच दिवसांनी. शेतात एकटी मारत होते."

"कुठून तुटली?"

"मुठीच्या वर. चार बोटांवर."

त्यांनी आपली चार बोटं, दोन सरळ आणि दोन वाकडी, दुसऱ्या हाताच्या मुठीवर ठेवून पाहिली. बराच वेळ ठेवली. "तिथंच," ते म्हणाले. "तिथंच वाटलं होतं मला." मग आतल्या खोलीच्या दिशेने तोंड करून त्यांनी काकूंना सांगितलं, "ऐकलं का, तुटली होती ती." काकू तर समोरच बसल्या होत्या. त्यांनी "ऐकलं" म्हटलं आणि पदराने डोळे पुसले. सर नंतर माझ्याशी बेसबॉलवर एक शब्द बोलले नाहीत. लग्नाचं विचारलं, बाबांच्या गुडघ्यांचं विचारलं, जानेफळला आता गाड्या वेळेवर येतात का ते विचारलं.

काकू मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, "जानेफळहून जो कोणी येईल त्याला विचारायचे, ती पोरगी भेटली का म्हणून. तुझं नुकसान केलं, असं त्यांच्या मनात बसलं होतं." मी खरं-खोटं काही बोलले नाही. त्याच वर्षी पोळ्याच्या आसपास सर गेले. काकूंचा फोन आला तेव्हा मी मैदानावर होते. मुलींना घरी पाठवलं आणि मग आठवलं की मोजल्याच नाहीत. पुन्हा गेटपर्यंत धावत गेले.

गेल्या हिवाळ्यात माझ्या शाळेची एक मुलगी खेळत होती. आठवीतली आहे, हात अतिशय चांगला. सामना अटीतटीचा होता आणि तिची पाळी होती. चेंडू मुठीजवळ लागला आणि मला वाटलं, आवाज बदलला. नक्की सांगता येणार नाही. मी आत गेले आणि तिच्या हातातून बॅट काढून घेतली. पंचांनी पाहिली, त्यांना काही दिसलं नाही. मलाही काही दिसलं नाही. तरी मी ती परत दिली नाही. आम्ही हरलो. ती मुलगी अजून माझ्याशी बोलत नाही. सरावाला येते, धावते, चेंडू टाकते, माझ्याकडे न बघता निघून जाते. मी तिला बोलावत नाही. ती जाते त्या बाजूला मी फाटकाशी थोडा वेळ उभी राहते आणि ती रस्ता ओलांडेपर्यंत बघत असते.